घोडा ओळखण्याची नजर: लक्ष्य, रंग आणि सहा आकार

बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, उंट आणि प्यादे हे सारे रेषेत चालतात. त्यांचा मारा ओळखायला पट्टीवरून किंवा कर्णावरून नजर सरकवली की पुरते. घोडा मात्र अडीच घरे जातो, वाटेतल्या मोहऱ्यावरून उडी मारतो आणि कोणतीही रेषा मागे ठेवत नाही. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाड्यापुढे सुटणारी घोडी दुरूनही दिसते, कारण ती सरळ धावते. पटावरच्या घोड्याला ती सोय नाही. त्यामुळे नवशिक्या खेळाडूंच्या डावांत वजीर फुकट जातो तो बहुतेकदा घोड्याच्या दुहेरी हल्ल्याने, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतल्या फोर्कने. घोड्याची चाल कोणालाही पाच मिनिटांत शिकवता येते. ती वेळेवर दिसणे हा वेगळा प्रश्न आहे.

या लेखात उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ म्हटले आहे.

घोड्याची ताकद तो कुठे उभा आहे यावर फार अवलंबून असते. कोपऱ्यातून त्याला दोनच घरे मिळतात, कडेवरून तीन किंवा चार, मधल्या सोळा घरांपैकी कोणत्याही घरावरून पुरी आठ. चौसष्ट घरांवरून शक्य असलेल्या उड्यांची बेरीज ३३६ भरते आणि त्यांतील १२८ उड्या त्या मधल्या सोळा घरांच्याच असतात. घोडा मध्यात आणावा हा उपदेश या हिशेबातून आलेला आहे. मॉस्कोत १९८५ साली कार्पोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपद लढतीच्या सोळाव्या डावात कास्पारोव्हने काळा घोडा डी३ वर रोवला, तेव्हा पांढऱ्याच्या हत्तींना हलायलाही जागा उरली नाही. तिथे फोर्क झाला नव्हता; फोर्कच्या धाकानेच काम केले.

घोड्याचे आणखी तीन गुण डावपेचांच्या मुळाशी आहेत. वजीर ज्या दिशांनी मारतो त्यांत हत्ती, उंट, प्यादे आणि राजा यांच्या साऱ्या दिशा येतात. म्हणून वजिरावर हल्ला करताना स्वतः त्याच्या माऱ्यात न येणारा मोहरा घोडा एकटाच आहे. दुसरे, घोड्याच्या शहात मध्ये काही घालता येत नाही. राजा हलवावा लागतो किंवा घोडा मारावा लागतो. तिसरा गुण सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित: प्रत्येक चालीला घोडा घराचा रंग बदलतो. पांढऱ्या घरावर उभा असलेला घोडा फक्त काळ्या घरांवर मारा करतो.

या तिसऱ्या गुणातून शिकणाऱ्याला पहिले उपयोगी सूत्र मिळते. पुढच्या चालीत फोर्क व्हायचा असेल तर घोडा आणि दोन्ही लक्ष्ये आत्ता एकाच रंगाच्या घरांवर असली पाहिजेत. राजा पांढऱ्या घरावर आणि वजीर काळ्या घरावर असेल तर कोणताही घोडा त्या दोघांना एकदम गाठू शकत नाही. एवढे तपासायला क्षणही लागत नाही आणि निम्म्याहून अधिक शंका तिथेच मिटतात. तरीही नवशिक्यांना बहुधा घोड्याच्या आठ उड्या मोजायला शिकवले जाते, रंग पाहायला नाही.

रंग जुळला म्हणजे फोर्क होतोच असे नाही. दोन लक्ष्यांमधले अंतरही ठरावीक असावे लागते. घोड्याच्या आठ उड्या जोडीजोडीने घेतल्या तर लक्ष्यांच्या मांडणीचे अवघे सहा आकार निघतात. दोन्ही लक्ष्ये कर्णावर एकमेकांना चिकटून: राजा जी८, वजीर एफ७, आणि घोडा एच६ वर येतो. सरळ रेषेत मध्ये एक घर: राजा जी८, वजीर ई८, घोडा एफ६. सरळ रेषेत मध्ये तीन घरे: राजा ई८, हत्ती ए८, घोडा सी७, हा शालेय स्पर्धांतला सर्वांत परिचित अपघात. कर्णावर मध्ये दोन घरे: राजा जी८, वजीर डी५, इथे ई७ आणि एफ६ अशी दोन घरे घोड्याला मोकळी असतात. पाचवा आकार एक पट्टी बाजूला आणि तीन घरे दूर, जसे राजा एच८ आणि वजीर जी५, घोडा एफ७. सहावा दोन पट्ट्या बाजूला आणि चार घरे दूर: राजा जी८, हत्ती ई४, घोडा नेमका मधोमध एफ६ वर. या शेवटच्या आकारात फोर्कचे घर एकच असते. बाकी पाचांत ती दोन असतात, पण त्यांतले एखादे पटाबाहेर पडू शकते.

या यादीत नसलेला एक आकार मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्णावर मध्ये एकच घर सोडून उभे असलेले दोन मोहरे, उदाहरणार्थ राजा जी८ आणि वजीर ई६, एकाच रंगावर असूनही घोड्याच्या फोर्कमध्ये कधीच सापडत नाहीत. हेच गणित घोडा आणि राजा यांनाही लागू पडते. घोड्यापासून कर्णावर दोन घरे दूर उभ्या राजाला शह द्यायला घोड्याला तीन चाली लागतात. घड्याळात थोडी सेकंदे उरली असताना अनुभवी खेळाडूचा राजा आपसूक त्या घराकडे सरकतो, तो यामुळे.

अशा रीतीने प्रश्न उलटा होतो. घोडा कुठे जाऊ शकतो असे विचारत बसल्यास आठ उत्तरे आणि त्या प्रत्येकामागे आणखी आठ, असा पसारा वाढतो. प्रतिस्पर्ध्याचे कोणते दोन मोहरे या सहा आकारांत उभे आहेत असे विचारले तर फोर्कचे घर आधी सापडते, आणि मग त्या घरावर घोडा कसा न्यायचा एवढेच उरते. पुस्तकांत हा क्रम फारसा सांगितला जात नाही, पण चांगल्या खेळाडूची नजर याच क्रमाने चालते असे मानायला जागा आहे.

राजाभोवतीची घरे तर पाठच करावीत. किल्लेकोट करून जी८ वर बसलेल्या काळ्या राजाला घोड्याचा शह ई७, एफ६ आणि एच६ या तीनच घरांवरून बसतो. राजा एच८ वर गेला तर एफ७ आणि जी६ ही दोनच घरे उरतात. ई८ वरच थांबलेल्या राजाला मात्र सी७, डी६, एफ६ आणि जी७ अशा चार दारांची राखण करावी लागते. पांढऱ्यासाठी हीच घरे आरशात पाहावी तशी पहिल्या बाजूला येतात. सी२ वर उतरलेला काळा घोडा ई१ च्या राजाला आणि ए१ च्या हत्तीला एकदम धरतो. नवशिका सी७ किंवा सी२ एकदा गमावतो, मग दुसऱ्यांदा गमावतो, आणि त्यानंतर त्या घरावर आयुष्यभर डोळा ठेवतो.

तयार फोर्क शोधणे हा या विद्येचा सोपा भाग आहे. वरच्या पातळीवर फोर्क घडवावा लागतो. १९६६ सालच्या जगज्जेतेपद लढतीच्या दहाव्या डावात तिग्रान पेत्रोस्यानने स्पास्कीविरुद्ध वजीर एच८ वर टाकून शह दिला आणि स्पास्कीने डाव सोडला. वजीर मारला असता तर राजा एच८ वर आला असता, काळा वजीर जी५ वर होताच, आणि डी६ चा घोडा एफ७ वरचा हत्ती मारत दोघांनाही शह-हल्ला देऊन गेला असता. वर सांगितलेला पाचवा आकारच इथे आहे, फक्त तो आधी पटावर नव्हता. लक्ष्य हव्या त्या घरावर ओढून आणणे, फोर्कच्या घरावर पहारा देणारा मोहरा मारून टाकणे, तो मोहरा जखडलेला असल्यामुळे पहारा नावापुरताच आहे हे ओळखणे: फोर्क घडवण्याच्या वाटा बहुतेक एवढ्याच. त्यांतली जखडलेल्या पहारेकऱ्याची वाट सर्वांत जास्त हुकते, कारण घर राखलेले दिसते आणि खेळाडू तिथेच विचार थांबवतो.

फोर्कखेरीज घोड्याचे काही डावपेच स्वतंत्रपणे ओळखावे लागतात. स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने दिलेली मात लुसेनाच्या १४९७ सालच्या स्पॅनिश पुस्तकात आढळते. वजिराचा शह, मग एफ७ वरून घोड्याचा शह, घोडा एच६ वर जाताच घोडा व वजीर यांचा जोड-शह, वजिराचा जी८ वर बळी, आणि हत्तीने तो मारताच एफ७ वरून मात. पुढे ती फिलिडोरच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याहूनही जुनी जोडी घोडा आणि हत्तीची आहे. राजा एच८ वर, हत्ती एच७ वर आणि त्याला राखणारा घोडा एफ६ वर अशी मात अरबी काळापासून चालत आली आहे. शतरंजात वजीर आणि उंट दुबळे होते; हत्ती आणि घोडा मात्र तेव्हाही आजच्यासारखेच चालत. आजचा बलवान वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला आणि घोड्याच्या फोर्कचे मोल एकाएकी वाढले.

लेगालची मात प्रत्येक नवशिक्याने एकदा स्वतः मांडून पाहावी. काळा उंट जी४ वर असून पांढऱ्याचा एफ३ चा घोडा वजिरासमोर जखडलेला दिसतो. तरी घोडा ई५ चे प्यादे मारतो. काळ्याने हावरटपणे डी१ चा वजीर खाल्ला की पांढरा उंट एफ७ वर शह देतो, राजा ई७ वर येतो आणि दुसरा घोडा डी५ वर बसून मात करतो. जखडण दोन प्रकारची असते हा धडा यातून मिळतो: मागे राजा असेल तर घोडा मुळीच हलू शकत नाही, मागे वजीर असेल तर तो हलण्याची किंमत मोजावी लागते एवढेच. प्याद्याचा वजीर न करता घोडा करण्याचा प्रसंगही याच गटात येतो. अल्बिन प्रतिगँबिटमधल्या लास्करच्या सापळ्यात काळे प्यादे सातव्याच चालीत जी१ वर घोडा होते, कारण वजीर केला तर शह बसत नाही आणि घोडा केला की बसतो.

देशी परंपरेत घोड्याकडे पाहण्याची रीत वेगळी होती. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात काव्यालंकारात तुरगपदबंध सांगितला: अक्षरांची अशी मांडणी की घोड्याच्या उड्यांनी वाचली तरी श्लोक लागतो. मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात भगवंतभास्कर रचला, त्यातील नीतिमयूखात बुद्धिबळाबरोबर घोड्याच्या फेरीचाही विचार आहे. जुन्या देशी पद्धतीत राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी मारता येत असे. आजच्या किल्लेकोटाचे काम ती उडी करी. म्हणजे देशी पटावर प्रतिस्पर्ध्याचे दोन घोडे आणि एक लपलेला तिसरा मोजावा लागे.

तालमीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे पुस्तक मुंबईत १८१४ साली निघाले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचे ते इंग्रजी भाषांतर असून त्यात युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवलेल्या निवडक स्थिती दिल्या होत्या. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा हा हेतू मुखपृष्ठावरच नोंदवला होता. डाव नव्हे तर स्थिती सोडवून नजर तयार करायची, ही आजच्या प्रत्येक प्रशिक्षण ॲपमागची कल्पना त्या पुस्तकात स्पष्ट आहे.

घोड्याची फेरी, म्हणजे एकही घर पुन्हा न शिवता चौसष्ट घरे फिरणे, हे कोडे ऑयलरने १७५९ साली गणिताच्या अंगाने तपासले. १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फने सोपा नियम दिला: जिथून पुढे सर्वांत कमी वाटा आहेत त्या घरी आधी जावे. सुरुवातीच्या घरी परतणाऱ्या फेऱ्याच सुमारे १३ लाख २६ हजार कोटी आहेत. मुलांना घोड्याची चाल अंगवळणी पडावी म्हणून ही फेरी उत्तम. डावपेच ओळखण्यासाठी तिचा फायदा थोडाच, कारण फेरीत दुसरा मोहराच नसतो. डी५ वर वजीर ठेवून त्याच्या माऱ्यातली घरे टाळत घोडा फिरवणे हा खेळ त्यापेक्षा कामाचा.

नजर नेमकी कशाने बनते याचे उत्तर मानसशास्त्राने बऱ्यापैकी दिले आहे. नेदरलँड्सच्या दे ग्रूटने १९४६ मध्ये बलवान खेळाडूंच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास मांडला. पुढे १९७३ साली चेस आणि सायमन यांनी खऱ्या डावांतील स्थिती पाच सेकंद दाखवून पुन्हा मांडायला सांगितली. मास्टरने पहिल्याच प्रयत्नात सुमारे सोळा मोहरे बरोबर ठेवले, नवशिक्याने चारेक. मोहरे वाटेल तसे विखुरल्यावर मात्र मास्टरची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. मास्टरची स्मरणशक्ती अफाट नसते. त्याच्याकडे ओळखीचे पुंजके असतात. जी८ वर राजा, एफ८ वर हत्ती, एफ-जी-एच पट्ट्यांवर प्यादी ही त्याला पाच वस्तू नव्हे तर एकच वाटते, आणि त्या एका वस्तूबरोबर ई७, एफ६, एच६ ही घरे आपोआप आठवतात.

अशा पुंजक्यांची संख्या वाढवण्याच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकन हौशी खेळाडू मायकेल द ला माझा याने २००२ च्या आपल्या पुस्तकात मांडलेली पद्धत बरीच गाजली. मध्यावर काळा राजा ठेवायचा, शेजारी एक हत्ती ठेवायचा, फोर्कची सर्व घरे शोधायची. मग हत्ती एकेक घर सरकवत राजाभोवती वाढत्या फेऱ्यांनी फिरवायचा. वर दिलेले सहा आकार हातात बसवायला यापेक्षा चांगला सराव नाही. पण त्याचे मोल लवकर संपते. दोन-तीन आठवड्यांनी फिरणारा हत्ती सवयीचा होतो आणि नजर आणखी पुढे जात नाही, हे त्या पद्धतीच्या भक्तांना मान्य होत नाही.

कोडी सोडवण्यात एक फसवणूक दडलेली असते. लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर लाखो कोडी विषयवार लावलेली आहेत. फोर्क हा विषय निवडला की अर्धे उत्तर शीर्षकातच मिळते. खऱ्या डावात कोणी कानात सांगत नाही की इथे घोडा पाहा. विषयवार कोडी ओळख होईपर्यंत सोडवावीत, नंतर मिसळलेलीच घ्यावीत. ॲक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी २०१८ च्या पुस्तकात सुतारपक्ष्याची पद्धत मांडली: एकच संच पुनःपुन्हा, दर फेरीला कमी वेळात सोडवायचा. नवी कोडी शोधत राहण्यापेक्षा हे नक्कीच बरे, कारण पुंजका पहिल्या भेटीत तयार होत नाही. पटाविना घोडा चालवण्याचा सरावही जोडीला ठेवावा. ए१ वरून एच८ वर जायला घोड्याला सहा चाली लागतात. कागदाशिवाय त्या म्हणून दाखवता आल्या म्हणजे घरांचे रंग आणि शेजार मनात बसले असे समजावे.

महाराष्ट्रात या तालमीचे स्वरूप पिढ्यांबरोबर बदलले. वसंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तीन बहिणींनी १९७४ पासून राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली दहा वर्षे गाजवली, तेव्हा संगणक नव्हता आणि परदेशी पुस्तक हाती पडणे दुर्मीळ होते. जयश्री १९७९ मध्ये महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार कुंटे होते, आणि त्या संघातली नागपूरची दिव्या देशमुख पुढच्याच वर्षी बातुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. या शेवटच्या पिढीला स्थितींची टंचाई कधीच नव्हती. तिच्यापुढे प्रश्न होता तो निवडीचा.

लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून पुण्यातले प्रशिक्षण वर्ग शंभरेक किलोमीटर दूर पडतात. शालेय क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळाची वाट तालुक्यापासून सुरू होऊन जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत जाते. जुन्नर किंवा आंबेगावच्या तालुका फेरीत खेळणाऱ्या मुलाला तिथवर जाण्यासाठी घोड्याचे डावपेच शिकायला महागडा वर्ग लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाले, हे अंतर आडवे येत नसल्याचे एक उदाहरण. एक पट, फोनवर लिचेस, आणि स्वतःच्या डावांत हुकलेले फोर्क टिपून ठेवणारी वही एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. वही यातला सर्वांत टाळला जाणारा भाग. परकी कोडी विसरली जातात. स्वतः गमावलेला वजीर विसरला जात नाही.

फोर्क शोधायला शिकणारा खेळाडू तो टाळायला मात्र उशिरा शिकतो, जरी रंगाचे आणि आकारांचे नियम दोन्हीकडे तेच लागू पडतात. प्रतिस्पर्ध्याचा घोडा ज्या रंगावर आहे त्या रंगावर राजा आणि एखादा राखणदार नसलेला मोहरा एकत्र ठेवू नये. कडेवरच्या घोड्याला उंटाने कोंडता येते: घोडा ए५ वर आणि उंट डी५ वर असेल तर घोड्याची बी३, बी७, सी४ आणि सी६ ही चारही घरे उंटाच्या माऱ्यात येतात. सी७ वरून ए८ चा हत्ती खाणाऱ्या घोड्याला परतायला बी६ आणि सी७ एवढीच वाट असते. ती दोन्ही घरे बंद करता आली तर हत्तीच्या बदल्यात घोडा मिळतो. फोर्क दिसल्यावर मारण्यापूर्वी शेवटचे तपासायचे ते हेच, आणि त्यासोबत आणखी एक: फोर्कमध्ये राजा नसेल, तर हल्ल्यात सापडलेला मोहरा स्वतःच शह देऊन निसटतो का. निसटत असेल, तर शहाच्या त्या एका चालीत त्याची सुटका होते आणि पुढच्या चालीत दुसराही मोहरा हलतो.